व्हिनलँड सागाच्या दुसऱ्या सीझनला दहापैकी पाच? त्या गुणयादीबद्दल बोलूया (स्पॉयलर आहेत)

रात्रपाळी

मंडळी, सध्या सगळ्याच ॲनिमे ग्रुपांवर एका समीक्षकाची गुणयादी फिरतेय, बऱ्याच जणांनी बघितली असेलच. नाव घेत नाही, मला त्या माणसाशी भांडायचं नाहीये, त्याने दिलेल्या गुणांशी भांडायचंय. ज्यांच्यापर्यंत आली नाही त्यांच्यासाठी: व्हिनलँड सागा पहिला सीझन ९, दुसरा ५. मुशिशी ६. फ्रीरेन ७. डीमन स्लेयर ५. हंटर हंटर (२०११ वालं) ७. डेथ नोट ९. इव्हँजेलियन १०. आणि हारुहीच्या २००९ च्या भागांना ३.

बाकीच्यांवर खाली बोलूच, पण आधी व्हिनलँड, कारण ते वाचून माझं खरंच डोकं फिरलं. पाच का, तर म्हणे लढाया नाहीत, सगळं शेतावरच चालतं आणि हिरो अर्धा सीझन गप्प असतो. अरे पण तोच तर विषय आहे! पहिल्या सीझनमध्ये थॉरफिन लहानपणापासून बापाच्या खुन्याच्या, आस्केलाडच्या, मागे असतो, त्याच्याच टोळीत राहतो, त्याच्या सांगण्यावरून माणसं मारतो, का तर बदल्यात आस्केलाड त्याच्याशी द्वंद्व खेळेल म्हणून. आणि शेवटी आस्केलाड मरतो तो भलत्याच्याच हातून. ज्याच्यासाठी जगला तेच संपलं. अशा पोराच्या हातात दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात परत खंजीर दिला असता तर पहिला सीझन फुकट गेला असता की नाही?

त्याऐवजी तो गुलाम म्हणून डेन्मार्कमध्ये केटिलच्या शेतावर येतो. सोबत आइनार, ज्याचं घरदार थॉरफिनसारख्याच लोकांनी उद्ध्वस्त केलंय. दोघांना सांगितलं जातं की जंगल साफ करा, जमीन तयार करा, गहू पिकवा, त्या पिकातून स्वतःची किंमत फेडा आणि मोकळे व्हा. मग झाडं तोडली तरी बुंधे राहतात, बुंधे उपटायला घोडा लागतो, शेतावरचे नोकर गुलामांना घोडा देत नाहीत, मग केटिलचा म्हातारा बाप आपली कामं करून घेऊन त्यांना घोडा देतो. हे सगळं दाखवलंय, घाई न करता, आणि म्हणूनच जेव्हा गव्हाचे कोंब वर येतात तेव्हा आपल्यालाच भरून येतं. आणि तेच कोंब कोणीतरी उपटून टाकतं! त्यावरून मारामारी होते, थॉरफिन बेशुद्ध पडतो आणि मग नववा भाग, ते स्वप्न, खाली मेलेल्या योद्ध्यांची न संपणारी लढाई आणि त्याने मारलेली माणसं त्याच्या पायांना लोंबकळतायत आणि आस्केलाड त्याला सांगतो की यांना सगळ्यांना घेऊन वर चढ. ज्याने हा भाग बघितला आणि तरी लिहिलं की कथा थांबलीये, त्याने नक्की काय बघितलं हा माझा प्रश्न आहे.

तुमचं मत लिहा. फक्त "बकवास यादी" असं लिहून जाऊ नका, कुठला भाग, कुठला प्रसंग ते सांगा.

शेवटचाभाग

+१ रात्रपाळी. नवव्या भागासाठी तर +१००.

एक गोष्ट मात्र बोलायला हवी. हा सीझन जानेवारी ते जून २०२३ मध्ये आठवड्याला एक असा येत होता तेव्हा आपल्याच लोकांनी किती बोंब मारली होती आठवतंय का? दर आठवड्याला तेच, आज पण शेतीच का, थॉरफिन कधी लढणार. २४ भाग सलग बसून बघणं वेगळं आणि सहा महिने दर आठवड्याला वाट बघून बघणं वेगळं. आज जे लोक त्या समीक्षकाला शिव्या घालतायत त्यातले बरेच तेव्हा चौथ्या-पाचव्या भागाला सोडून गेले होते आणि सीझन पूर्ण झाल्यावर लोकांनी डोक्यावर घेतल्यावर परत आले. त्या माणसाने जर तेव्हा आठवड्याला बघून गुण दिले असतील तर त्याचा कंटाळा मला समजतो, गुण पटत नाहीत.

तिखटमीठ

मी जरा उलट बोलते.

समीक्षकाचं काम आपल्या मनातलं बोलणं नाहीये. सगळ्यांना जे आवडलं त्याला ९ आणि नाही आवडलं त्याला ४ असंच द्यायचं असेल तर मायॲनिमेलिस्ट या प्रेक्षकांच्या गुणांच्या साइटवर सरासरी आकडा आहेच, त्यासाठी वेगळा माणूस कशाला पाहिजे. मला तरी असा समीक्षक आवडतो जो माझ्या लाडक्या मालिकेला कमी गुण देतो आणि का ते सांगतो. डीमन स्लेयरला ५, मी म्हणते बरोबर. युफोटेबल स्टुडिओचं काम बाजूला काढा आणि नुसती कथा सांगा बघू कोणाला तरी. चांगल्या मनाचा मुलगा, बहीण राक्षस झाली, राक्षस मारायला शिकतो, राक्षस मारतो, मरताना राक्षसाची दुःखी कहाणी, पुढचा राक्षस. झेनित्सु तर ओरडून ओरडून डोकं उठवतो.

पण व्हिनलँडबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे हां. तिथे त्याने कारण दिलंय तेच चुकीचं आहे. "लढाया नाहीत" हा दोष कसा होईल, ते तर वर्णन झालं.

हिनोकामी

ताई "युफोटेबलचं काम बाजूला काढा" म्हणजे काय?? ॲनिमे आहे ना ते? गाणं बाजूला काढून लावणी सांगा असं झालं हे.

१९ वा भाग बघा परत. रुईच्या जाळ्यात तांजिरो अडकलाय, पाण्याचं श्वासतंत्र पुरत नाहीये, तलवार तुटलीये, आणि तिथे त्याला बापाचा नाच आठवतो, बर्फात रात्रभर चाललेला कागुरा, आणि पाण्याच्या निळ्या रेषांची आग होते. त्याचं गाणं सुरू होतं, नेझुको बेशुद्धीतून उठून स्वतःचं रक्त पेटवते. त्यात जे सांगितलंय, की बापाने मुलाला तलवार नाही तर नाच दिला आणि तोच कामी आला, ते सगळं रंगातून आणि हालचालीतून सांगितलंय. मंगामध्ये, म्हणजे मूळ जपानी कॉमिकमध्ये, तेच प्रसंग आहेत, मी वाचलेत, तिथे ते इतके अंगावर येत नाहीत. म्हणजे ॲनिमेशनने कथा मोठी केली. मग त्याचे गुण कथेत धरायचे नाहीत असं कसं? आणि लोकांना काही कळत नाही असं नाहीये, मुगेन ट्रेनचा सिनेमा २०२० मध्ये जपानमधला आजवरचा सगळ्यात जास्त कमाई करणारा सिनेमा झाला, स्पिरिटेड अवेला मागे टाकून.

तिखटमीठ

कमाईचा मुद्दा इथे नको, कमाईने गुण ठरायला लागले तर मुशिशी यादीतच येणार नाही.

१९ व्या भागाचं पटतं. पण २६ भागांत असा भाग एक. एका भागासाठी सगळ्या सीझनला किती वाढवायचे? माझ्या हिशोबात ५ चे ६ होतील, ९ नाही होणार.

हिनोकामी

८.

कोकणकडा

मुशिशीला ६ बघून वाईट वाटलं. राग नाही आला, वाईट वाटलं.

त्याची तक्रार अशी की २६ भागांत पुढे काही जातच नाही, गिंको येतो, गावात काहीतरी मुशीचा (सहसा कोणाला न दिसणाऱ्या जिवांचा) त्रास असतो, कधी बरा होतो कधी होत नाही, गिंको निघून जातो. बरोबर आहे, असंच आहे. पण प्रत्येक भाग स्वतःत पूर्ण आहे, आणि प्रत्येक भागाला शेवटी वाजणारं संगीत वेगळं आहे हे कितीजणांच्या लक्षात येतं? तोशिओ मासुदाने प्रत्येक भागासाठी वेगळी धून केलीये. म्हणजे बनवणाऱ्यांनीच सांगितलंय की या २६ वेगळ्या गोष्टी आहेत. आता याला तुम्ही सलग एका रात्री सात-आठ भाग लावून बघितलंत तर सगळं सारखंच वाटणार, गिंकोचे पांढरे केस, सिगारेट, डोंगर, धुकं. हे आठवड्याला एकच बघायचं. रात्री, दिवे घालवून, हेडफोन लावून, त्यात पाण्याचा आणि किड्यांचा आवाज जो आहे तो टीव्हीच्या स्पीकरवर येतच नाही.

पहिला भाग आठवा, तो मुलगा जो जे काढतो ते जिवंत होतं, आणि त्याची आजी अर्धी या जगात अर्धी मुशींच्या जगात, नातवाच्या शेजारीच राहते पण त्याला दिसत नाही. वीस-बावीस मिनिटांत एवढं सांगून गिंको वाटेला लागतो. याच्या पुढे काय न्यायचंय?

रात्रपाळी

कोकणकडा, हेच मला म्हणायचं होतं आणि नीट मांडता येत नव्हतं. गुण देणारा माणूस प्रत्येक मालिका एकाच चालीने बघतोय. पहिल्या तीन भागांत पकडलं पाहिजे, नाहीतर कट. शितावरून भाताची परीक्षा ठीक आहे हो, पण ११० भागांच्या लीजेंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोजची परीक्षा तीन भागांवर करणार का? १९८८ ते १९९७ इतकी वर्षं चाललेली गोष्ट आहे ती, पहिले दोन भाग तर नुसती एकच लढाई आणि तीस-चाळीस नावं. तिथे सोडून दिलं तर यांग आणि राइनहार्ट हे दोन शत्रू सेनापती समोरासमोर बसून बोलतात तिथपर्यंत माणूस पोहोचणारच नाही, आणि त्या संभाषणासाठीच तर सगळं आहे.

हिशोबनीस

मायॲनिमेलिस्टचा विषय निघालाय म्हणून सांगतो, तिथला आकडा साधी सरासरी नाहीये. ज्यांनी मालिकेचा किमान एक-पंचमांश हिस्सा बघितलाय त्यांचेच गुण धरतात, आणि मग मतं कमी असतील तर आकडा एकूण सरासरीकडे ओढला जातो, म्हणजे पाच-पन्नास लोकांनी १० देऊन एखादी मालिका पहिल्या नंबरवर नेता येऊ नये. हे करायची वेळ का आली, तर आपल्याच चाहत्यांमुळे. फुलमेटल अल्केमिस्ट ब्रदरहूड बराच काळ सगळ्यात वर होतं, आणि दरवेळी नवीन काही त्याच्या जवळ गेलं की इकडचे लोक तिकडे जाऊन १ देणार, तिकडचे इकडे येऊन १ देणार. अटॅक ऑन टायटनच्या वेळी हे धडधडीत दिसलं. मग २०२३ मध्ये फ्रीरेन वर गेलं तेव्हा परत तेच.

त्यामुळे तिखटमीठ ताईंचं बरोबर आहे, समीक्षक वेगळा पाहिजेच. पण एक-पंचमांश तरी बघा ही जी अट सर्वसामान्य मत देणाऱ्याला आहे ती समीक्षकालाही हवी ना? त्या यादीत कुठेच लिहिलेलं नाही की कुठली मालिका किती बघितली. मला वाटतं हा खरा दोष आहे. ५ दिले की ९ दिले हा नंतरचा प्रश्न.

ओसाकाकर

इकडून (कामानिमित्त ओसाकात आहे) फ्रीरेनबद्दल थोडं.

फ्रीरेनचे पहिले चार भाग इथे एकत्र, दोन तासांचा खास कार्यक्रम म्हणून लागले होते, सप्टेंबर २०२३ च्या शेवटी, निप्पॉन टीव्हीच्या शुक्रवारच्या सिनेमाच्या जागेवर. त्या जागेवर एरवी जिब्लीचे सिनेमे लागतात, घरातले सगळे बघतात. ॲनिमे मालिकेची सुरुवात तिथे करणं म्हणजे चॅनेलने केवढा विश्वास टाकला बघा. आणि ते चार भाग सलग बघितले की गोष्टीचा वेग बरोबर बसतो: पहिल्या अर्ध्या तासात दहा वर्षांचा प्रवास संपलेला, मग पन्नास वर्षं गेलेली, हिमेल म्हातारा झालेला, चौघं मिळून तो उल्कावर्षाव बघतात आणि मग हिमेलची अंत्ययात्रा. एल्फ असलेली, कित्येक शतकं जगणारी फ्रीरेन तिथे रडते की मला माहीत होतं माणसं लवकर मरतात, मग मी त्याला ओळखून घ्यायचा प्रयत्न का नाही केला. हे तुम्ही पहिला भाग म्हणून २४ मिनिटांत बघून बंद केलंत तर नुसता शोक वाटेल. चौथ्या भागापर्यंत गेलात तर कळतं की हा शोक किती हळूहळू उतरणार आहे.

काऊबॉय बीबॉपचंही असंच. १९९८ मध्ये टीव्ही टोकियोवर ते पूर्ण लागलंच नव्हतं, २६ पैकी १२ भाग आणि शेवटी एक जोडकाम केलेला खास भाग, बस. पूर्ण मालिका मग त्याच वर्षी ऑक्टोबरपासून वॉवॉव या दुसऱ्या चॅनेलवर लागली. आता त्या उन्हाळ्यात कोणी टीव्ही टोकियोवालं बघून गुण दिले असते तर त्याने कुठल्या बीबॉपला दिले असते?

घाटवाट

ओसाकाकर मस्त माहिती. पण फ्रीरेनला ७ मला मान्य आहे, सांगतो का.

पहिले सतरा भाग माझ्याकडून १०. त्यानंतर परीक्षा येते, पहिल्या दर्जाच्या जादूगारांची. आणि अचानक तेच सगळं सुरू झालं जे हजार ठिकाणी बघितलंय: गट पाडा, पक्षी पकडा, गुहेत जा, स्वतःच्याच प्रतिकृतीशी लढा. वीस नवीन नावं. ज्या मालिकेने लढाई आणि विजय संपल्यानंतरचं आयुष्य दाखवायला सुरुवात केली ती परत लढाई आणि विजयावर आली. फ्रीरेनसोबतचा योद्धा श्टार्क तर गायबच. सीझनचे २८ भाग आहेत, त्यात दहाच्या वर भाग यात गेलेत. म्हणजे त्या माणसाने ३ गुण कापले तर काय चुकलं?

नागातो१५५३२

घाटवाट दादा परीक्षेचा शेवट विसरलात तुम्ही.

शेवटी सेरी, फ्लामेची गुरू, एकेकाची मुलाखत घेते. फ्रीरेनला विचारते तुझी आवडती जादू कुठली, ती म्हणते फुलांचा ताटवा उगवायची. आणि सेरी तिला नापास करते! हजार वर्षांहून जास्त जगलेली, राक्षसांच्या राजाला मारणाऱ्यांपैकी एक, नापास. कारण सेरीला जादू म्हणजे ताकद एवढंच माहितीये, आणि फ्रीरेनला ती फुलांची जादू तिच्या गुरूकडून, फ्लामेकडून मिळालीये. मग फ्रीरेनची शिष्या फर्न आत येते, सेरीकडे बघते आणि तिच्या ताकदीतला थरकाप तिला दिसतो जो दुसऱ्या कोणालाच दिसलेला नसतो. सेरी तिला म्हणते माझी शिष्य हो, फर्न सरळ नाही म्हणते. ही परीक्षा म्हणजे एक गुरू, तिची शिष्या, तिची शिष्या अशी साखळी आहे, लढाई त्याच्या बाजूला आहे. ज्याला त्यात नुसती लढाईची स्पर्धा दिसली त्याने शेवटचे दोन भाग घाईत बघितलेत.

घाटवाट

नाही विसरलो, तो २७ वा भाग मलाही आवडतो. पण तिथे पोहोचायला जे मधले सात-आठ भाग आहेत ते त्या ताकदीचे नाहीत हे तुम्हीही मान्य कराल. चांगला शेवट मधल्या ढिलाईला माफी देत नाही. ८ देईन फार तर.

तिखटमीठ

आयडीवरून वाटलंच होतं की हारुहीवर कोणीतरी बोलणार. नागातो, बोल. २००९ च्या भागांना ३. मला त्याहून जास्त देणं शक्य नाही.

नागातो१५५३२

बोलतोच, ह्याच्यासाठीच आलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. २००९ मध्ये हारुही सुझुमियाचे नवीन भाग आले, त्यात 'एंडलेस एट' नावाची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीचे शेवटचे दोन आठवडे परत परत येतायत, कोणाला आठवत नाही, फक्त नागातो या मुलीला आठवतं. क्योटो ॲनिमेशनने ही गोष्ट आठ भाग दाखवली. तेच पोहणं, तोच ओबोनचा सण, तेच किडे पकडणं, तीच ३१ ऑगस्टची रात्र, आठ आठवडे. आणि एकही भाग कॉपी केलेला नाही, प्रत्येक वेळी चित्रं नवीन, कपडे वेगळे, कॅमेऱ्याचे कोन वेगळे, कलाकारांनी संवाद पुन्हा म्हटलेले.

लोकांनी फसवणूक म्हटलं, अजून म्हणतात. पण ते चक्र १५,५३२ वेळा फिरतं, वर्षांत मोजलं तर ५९० हून जास्त वर्षं होतात, आणि एक मुलगी हे सगळं गप्प बसून बघते. हे एका भागात संवादातून सांगितलं असतं तर आपण "अरे बापरे" म्हणून पुढे गेलो असतो. पाचव्या आठवड्याला जेव्हा परत तोच फोन वाजतो तेव्हा आपल्याला नागातोचा थकवा स्वतःच्या अंगात जाणवतो. आणि २०१० च्या सिनेमात ती जे करते ते त्या थकव्याशिवाय समजतच नाही. मी सिनेमा आधी एंडलेस एट न बघितलेल्या मित्राला दाखवला होता, त्याला तो चांगला वाटला. आठही भाग बघितलेल्याला तो हलवून टाकतो. फरक आहे.

तिखटमीठ

हे तू फार सुंदर लिहिलंस, आणि तरीही नाही.

कंटाळा दाखवण्यासाठी प्रेक्षकाला कंटाळा आणायचा हा मार्ग मला मान्य नाही. तीन भाग पुरले असते, पहिला, एक मधला आणि शेवटचा. आठ म्हणजे लोकांचे दोन महिने. २००९ मध्ये ज्यांनी आधीचा सीझन बघून तीन वर्षं वाट बघितली होती त्यांच्या बाजूने विचार कर ना. सिनेमा उत्तम आहे, त्याला मी ९ देईन, पण सिनेमाचे गुण मालिकेच्या खात्यात नाही टाकता येणार. तूच म्हणतोस की मित्राला तो त्याशिवायही चांगला वाटला.

शेवटचाभाग

डेथ नोटला ९ याबद्दल कोणीच काही बोलत नाहीये, की सगळ्यांना पटलंय? मला तर हा सगळ्यात चुकीचा आकडा वाटतो, आणि वरच्या बाजूला चुकीचा. ३७ भागांची मालिका, २५ व्या भागात एल, हिरो लाइटच्या मागावरचा गुप्तहेर, मरतो. पावसातला तो प्रसंग, घंटा, पायऱ्यांवर एल लाइटचे पाय पुसतो, ॲनिमेसाठी नवीन घातलेला आहे आणि मला वाटतं अख्ख्या मालिकेतला सगळ्यात सुंदर आहे. त्यानंतरचे १२ भाग? नियर आणि मेलो यांना माणूस म्हणून उभंच केलं नाही, वर्षं उडवली, मंगातला मोठा तुकडा दाबून बसवला. लाइटसमोर तोडीचं कोणी उरतच नाही. जो माणूस व्हिनलँडच्या शेतीसाठी ५ गुण कापतो तो डेथ नोटच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यासाठी १ कापतो. का, तर तिथे वेग आहे. वेग म्हणजेच गुण असं ठरलंय त्याच्याकडे.

हिशोबनीस

शेवटचाभागने नेमकं पकडलं. आणि आता हंटर हंटर बघा. ७ देण्याचं कारण निवेदक फार बोलतो. किमेरा अँटचा भाग, ७६ ते १३६, त्यात राजवाड्यावर हल्ला होतो तिथे काही सेकंदांत घडणारं एकेका भागात पसरवलंय, आणि निवेदक प्रत्येकाच्या डोक्यात काय चाललंय ते सांगतो. म्हणजे परत वेगच. पण तिथे वेग मुद्दाम थांबवलाय, कारण दहा माणसं एकाच वेळी दहा निर्णय घेतायत आणि प्रत्येकाचा निर्णय दुसऱ्याला माहीत नाहीये. आणि त्याच वेळी आत मुंग्यांचा राजा मेरुएम कोमुगीबरोबर गुंगी हा पटावरचा खेळ खेळत बसलाय, आंधळ्या मुलीकडून हरत. ज्याला हे संथ वाटलं त्याने त्यांच्या शेवटच्या डावाला काय गुण दिले असतील?

ओसाकाकर

मग इव्हँजेलियनला १० कसे? २५ आणि २६ व्या भागात तर वेग शून्य आहे, खुर्चीवर बसलेला शिंजी, काळा पडदा, पडद्यावर अक्षरं. १९९६ मध्ये ते लागल्यावर लोक इतके चिडले की गायनॅक्स स्टुडिओला रागाची पत्रं गेली आणि १९९७ च्या 'एंड ऑफ इव्हँजेलियन'मध्ये त्यातली काही पडद्यावर झळकतात. समीक्षकाला तिथे संथपणा चालला. माझा अंदाज नाही, माझी तक्रार आहे: ज्या मालिकेचं मोठेपण आधीच ठरलेलं आहे तिथे तो धीर धरतो, नवीन मालिकेला तेवढा धीर देत नाही. व्हिनलँडचा दुसरा सीझन तीस वर्षांनी बघितला असता तर कदाचित ९ आले असते.

रात्रपाळी

ओसाकाकर, हे फार महत्त्वाचं बोललात. माझंही हेच म्हणणं आहे. शिंजीला खुर्चीवर बसून स्वतःशी बोलायला दोन भाग दिले तर ते धाडस, आणि थॉरफिनला कुदळ हातात घेऊन गप्प राहायला दहा भाग दिले तर कथा थांबली?

आणि तो गप्प का आहे याचं उत्तर शेवटाकडे मिळतं. राजा क्नूटला भेटायचंय, त्याचे लोक सोडत नाहीत, तर थॉरफिन म्हणतो शंभर ठोसे मारा, उभा राहिलो तर भेटू द्या. खातो. एकेक. हात उचलत नाही. मग त्याला विचारतात की लढत का नाहीस आणि तो म्हणतो मला कोणी शत्रू नाही. हेच वाक्य त्याच्या बापाने, थॉर्सने, पहिल्या सीझनमध्ये वेगळ्या शब्दांत त्याला सांगितलेलं असतं, तुला शत्रू नाहीत, कोणालाच नसतात, तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि त्याला काहीच कळलं नव्हतं. एवढं कळायला ४८ भाग लागले. त्यातला एकही कमी करता येत नाही.

कोकणकडा

अवांतर: डबमुळेही फरक पडतो. माझ्या वयाचे बरेच जण कार्टून नेटवर्कवर हिंदीतलं ड्रॅगन बॉल झी बघून आणि मग ॲनिमॅक्सवर इंग्रजीत बघून इथवर आलेत. आता क्रंचीरोल या स्ट्रीमिंग साइटवर हिंदी, तमिळ, तेलुगू डब येतायत, मराठी अजून नाही. मुशिशी हिंदीत कसं वाटेल मला माहीत नाही, पण गुण देणाऱ्याने कुठल्या भाषेत बघितलं ते लिहावं.

हिशोबनीस

म्हणजे आता असं करूया का, आपणच इथे आपले गुण लिहू, पण तीन गोष्टींसकट: किती भाग बघितले, कुठल्या भाषेत, आणि गुण नक्की कशाचे कापले. त्या यादीत जी मालिका नाहीच आहे तिथून सुरू करतो.

मॉन्स्टर. ७४ पैकी ७४. जपानी, इंग्रजी सबटायटल. ८.

डॉ. तेन्मा, ड्युसेलडॉर्फमधला जपानी न्यूरोसर्जन. आधी त्याला वरिष्ठांनी एका तुर्की मजुराच्या ऑपरेशनवरून काढून ऑपेरा गायकाकडे पाठवलेलं असतं, मजूर मरतो, त्याची बायको हॉस्पिटलमध्ये तेन्माला येऊन गाठते. म्हणून पुढच्या वेळी जेव्हा महापौर आणि गोळी लागलेला लहान मुलगा यांच्यात निवड येते तेव्हा तो आधी आलेल्या मुलाचं ऑपरेशन करतो. तो मुलगा योहान. हा सगळा पाया पहिल्या काही भागांतच, आणि इतका पक्का की पुढचे सत्तर भाग त्याच्यावर उभे राहतात. दोन गुण कापले ते मधल्या भागांसाठी, म्युनिकमध्ये श्यूवाल्डच्या लायब्ररीभोवती गोष्ट घुटमळते तिथे.

घाटवाट

म्युनिकसाठी कापले?! त्याच भागात तर योहानला पहिल्यांदा आपण दिवसाउजेडी, माणसांत, विद्यार्थी म्हणून वावरताना बघतो, आणि कोणीच घाबरत नाहीये ही भीती आहे. ७४ पैकी ७४, इंग्रजी डब, ९. आणि तो एक गुण शेवटच्या रुहेनहाइमच्या भागांत ग्रिमरला पुरेसा वेळ दिला नाही म्हणून कापलाय.

तिखटमीठ

ग्रिमरला अजून किती वेळ? ५११ किंडरहाइम या अनाथाश्रमातून आलेला माणूस, ज्याला मुलगा मेला तेव्हा रडताही आलं नाही, तो शेवटी रडतो. माझ्यासाठी ते पुरेसं होतं. ७४ पैकी ७४, जपानी, ९, आणि माझा गुण कापलाय इन्स्पेक्टर लुंगेच्या बोटांच्या टायपिंगसाठी, सुरुवातीला भारी वाटतं, पन्नासाव्या भागानंतर नको होतं.

नागातो१५५३२

लुंगेच्या टायपिंगला हात लावायचा नाही.

माझं: हारुही २००९, १४ पैकी १४, जपानी, ८. गुण कापले ते एंडलेस एटसाठी नाही, त्यानंतर आलेल्या सिनेमा बनवण्याच्या पाच भागांसाठी, तिथे हारुही असाहिनाशी जशी वागते ते मला बघवत नाही. तिखटमीठ, आता बोला.